सोयाचा खिमा पोटात गेल्यावर

प्रश्न असा आला आहे. ठाण्याच्या घोडबंदर रोडला राहणारे एक गृहस्थ, वय 46, वजन 72 किलो. एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) 162, एचबीएवनसी (गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर) 6.1. डॉक्टर म्हणाले, मटण कमी करा. लेकीनं लगेच फ्रीजर भरून टाकला: वनस्पतीजन्य खिमा, नगेट्स, सॉसेज. तीन आठवडे घरात तेच चाललंय. यांचं पोट फुगतं. आई (वय 74) म्हणतात, ‘तोंडाला चव येते, पण अंगाला लागत नाही.’ बायकोचं म्हणणं, ही शेवटी सोयाबीनची वडीच, मग एवढे पैसे कशाला? आणि यांना विचारायचंय ते एवढंच: शरीर हे मटणासारखं घेतं का, आणि कायमचं यावर जावं का?

मटणासारखं घेत नाही. काही बाबतींत ते तुमच्या पथ्यावर पडतं, काही बाबतींत पडत नाही. आणि फायदा होणार की नाही हे पाकिटापेक्षा एका साध्या गोष्टीवर ठरतं: पाकीट ताटात आलं तेव्हा ताटातून काय उठलं? चरबीवालं मटण आणि सलामी उठली असेल तर सौदा चांगला. बांगडा, अंडी आणि वालाचं बिरडं उठलं असेल तर तुम्ही पैसे देऊन तोटा घेतलात.

मी नौपाड्यात 22 वर्षं आहारसल्ला देते. हा प्रश्न वर्षातून दोनदा उसळतो, श्रावणाच्या तोंडावर आणि जानेवारीत, कंपनीच्या तपासणीचे रिपोर्ट हातात पडल्यावर. 2021 साली रितेश आणि जिनिलिया देशमुखांनी ‘इमॅजिन मीट्स’ बाजारात आणलं, तेव्हापासून मराठी घरांतूनही विचारणा वाढली. त्याआधी जिमला जाणारी दोन-चार पोरं सोडली तर कोणी या वाटेला जात नव्हतं.

आधी तुमच्या घरातलं भांडण मिटवू. वडी आणि हा खिमा एकाच घराण्यातले आहेत. तेल काढून उरलेलं सोयाबीनचं पीठ ओलं करून उष्णतेत आणि दाबाखाली यंत्रातून रेटतात. तोंडाशी आलं की वाफ सुटते आणि ते स्पंजासारखं फुलतं. ती वडी. खिम्यासाठी बहुधा पिठाच्या पुढचं, वेगळं काढलेलं प्रथिन घेतात, सोयाचं किंवा वाटाण्याचं. त्यात तेल, बीटसारखा रंग, यीस्टचा अर्क, मीठ, आणि सगळं बांधून ठेवायला बऱ्याचदा मिथाइलसेल्युलोज. हा गडी उफराटा आहे. गरम केला की घट्ट होतो, गार झाला की सैल पडतो. पॅटी तव्यावरून उतरवा, अर्धी लगेच मोडून खा, अर्धी पंख्याखाली ठेवून द्या. गरम अर्धी दाताखाली तटतटते, गार झालेली बोटांनीच भुगा होते. मटणाचं नेमकं उलटं, गार झालं की चरबी साकळते आणि तुकडा आवळतो. दोन्ही एकाच बशीत ठेवून पाहिलं की ‘मांसासारखं’ या शब्दाचा अर्थ जिभेपुरताच आहे हे कळतं.

आता तुमचं फुगणारं पोट. मिथाइलसेल्युलोज आपल्याला पचत नाही. तो पाणी धरून आतड्यातून तसाच पुढे सरकतो, काही देशांत तर तो पोट साफ होण्यासाठी औषध म्हणून विकला जातो. त्यात भर म्हणजे सोयाबीनमधल्या रॅफिनोज आणि स्टॅकिओज या शर्करा. त्या तोडायला लागणारं विकर माणसाच्या लहान आतड्यात नाही, त्या सरळ मोठ्या आतड्यात जातात, तिथले जीवाणू त्यांच्यावर तुटून पडतात आणि वायू धरतो. वाल खाल्ल्यावर होतं तेच. शुद्ध प्रथिनाच्या खिम्यात या शर्करा कमी असतात, वडीत जास्त. पण खिम्यात चवीसाठी घातलेली कांदा-लसणाची पूडही तोच प्रताप करते. मटणात तंतू नाहीतच, त्यातलं बहुतेक सगळं लहान आतड्यातच शोषलं जातं, मागच्या जीवाणूंच्या वाट्याला फार थोडं येतं. तुम्ही 46 वर्षं त्यांना एक खाणं घातलंत आणि तीन आठवड्यांपूर्वी एकदम दुसरं. थोडी कुरकुर होणारच. एक दिवसाआड, निम्म्या प्रमाणात खा. दोन-तीन आठवड्यांत बहुतेकांचं बसतं. वडी करणार असाल तर उकळत्या पाण्यात दहा मिनिटं भिजवा, घट्ट पिळा, ते पाणी फेका, पुन्हा गार पाण्यात घालून पिळा. वास जातो आणि निम्मी तक्रारही जाते. असे तीन आठवडे होऊनही फुगणं कमी नसेल, त्यासोबत जुलाब असतील, तर मात्र पाकिटावर ‘गव्हाचं ग्लूटेन’ लिहिलंय का पाहा (काहींना ते सोसत नाही) आणि डॉक्टरांशी बोला.

एलडीएलबद्दल सांगायचं तर इथे लेकीची बाजू भक्कम आहे. 2020 साली स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या ख्रिस्तोफर गार्डनर यांच्या गटानं 36 जणांना आठ आठवडे वनस्पतीजन्य मांस आणि आठ आठवडे खरं मांस खायला दिलं, दिवसाला किमान दोन वेळा. माणसं तीच, फक्त क्रम वेगवेगळा. वनस्पतीजन्य टप्प्यात एलडीएल सरासरी 11 मिलिग्रॅमनं कमी निघालं, वजन साधारण एक किलोनं. पैसा ती उत्पादनं बनवणाऱ्या कंपनीचा होता, हे डोक्यात ठेवून वाचावं. पण अभ्यासाची बांधणी चांगली आहे आणि निकाल शरीरशास्त्राशी जुळतो. संपृक्त चरबी जास्त गेली की यकृत रक्तातलं एलडीएल पकडणारे आपले हात आखडते. तंतू गेले की ते पित्ताम्लांना धरून बाहेर नेतात, मग नवीन पित्त बनवायला यकृताला रक्तातलंच कोलेस्टेरॉल ओढावं लागतं. मटणाच्या जागी सोया म्हणजे दोन्ही बाजूंनी थोडा थोडा फायदा.

पण 11 मिलिग्रॅम. तुमचं 162 आहे. नुसत्या पाकिटांनी ते 100च्या खाली येईल या आशेवर औषधाची चर्चा पुढे ढकलू नका.

आणि इथेच मी लोकांच्या स्वयंपाकघरात डोकावते. ते प्रयोग अमेरिकी ताटावरचे, त्यात गोमांस आणि डुकराचं सॉसेज होतं. आपल्या बोकडाचं मटण त्यामानानं कमी चरबीचं असतं, वरची चरबी काढली तर आणखी कमी. मग रविवारच्या ताटातली चरबी येते कुठून? मागच्या वर्षी एका घरी मी मुद्दाम ओट्याशी उभी राहिले. अर्धा किलो मटण, त्यात खाटकानं ‘चवीला’ म्हणून टाकलेला चरबीचा गोळा, एक वाटी सुकं खोबरं भाजून वाटलेलं, पळीभर तेल फोडणीला आणि वर तर्री यावी म्हणून आणखी अर्धी पळी. खोबऱ्यातलं तेल 85 ते 90 टक्के संपृक्त असतं. पुढच्या रविवारी त्याच बाईंनी मोठ्या कौतुकानं सोयाचा खिमा केला. वाटण तेच, तेल तेवढंच, कारण ‘त्याला मटणासारखं तेल सुटत नाही ना!’ यात एलडीएल बिचारं कुठून उतरणार? काही पाकिटांत तर मुळातच खोबरेल असतं. मागची बाजू उलटून ‘संपृक्त चरबी’ची ओळ वाचा. 100 ग्रॅमला 5-6 ग्रॅमच्या वर असेल तर मी ते परत ठेवते.

मिठाचंही तसंच. कच्च्या मटणात 100 ग्रॅमला सोडियम 70-80 मिलिग्रॅमच्या आसपास, या उत्पादनांत सहज 300 ते 500. ऐकायला भयंकर. पण कच्चं, अळणी मटण कोण खातं? स्टॅनफर्डच्या अभ्यासात रक्तदाबात फरक दिसला नाही, कारण खऱ्या मांसावर लोक स्वतःच्या हातानं मीठ घालतात. आपल्याकडे गोची होते ती आधीच खारट खिम्यात सवयीनं पुन्हा चमचाभर मीठ पडल्यामुळे. मीठ शेवटी, चव घेऊन घाला.

साखरेचं काय? तुमचा एचबीएवनसी 6.1, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. 2024 साली सिंगापूरमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला, मधुमेहाचा धोका असलेल्या 89 जणांवर, तोही आठ आठवड्यांचा. वनस्पतीजन्य मांसाचा हृदयाच्या किंवा साखरेच्या बाबतीत ठळक फायदा त्यात दिसला नाही. उलट ज्यांना सतत साखर मोजणारं यंत्र लावलं होतं, त्यांच्यात खरं मांस खाणाऱ्यांची साखर जास्त वेळ योग्य टप्प्यात राहिली. मला नवल वाटलं नाही. मटणात कर्बोदकं जवळपास शून्य. नगेटमध्ये प्रथिनाला चिकटवायला स्टार्च, बाहेर मैद्याचं किंवा ब्रेडक्रम्ब्सचं कवच, आणि ते तुम्ही पोळीसोबत खाता, पोळीऐवजी नाही. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या माणसानं खिमा घ्यावा, नगेट सोडावेत. नगेट कोंबडीचे असते तरी मी हेच सांगितलं असतं.

आता आईंचं वाक्य, ‘अंगाला लागत नाही.’ यात तथ्य आहे, पण त्या म्हणतात तितकं नाही. ओहायो स्टेट विद्यापीठात 2022 साली सोया आणि गव्हाच्या प्रथिनांपासून चिकनसारखा पदार्थ करून तो आणि खरं चिकन, दोन्ही प्रयोगशाळेत पचवले आणि आतड्याच्या पेशींसमोर ठेवले. वनस्पतीच्या तुकड्यांतली पेप्टाइडं (पचलेल्या प्रथिनाचे बारीक कण) कमी शोषली गेली. हा काचेतला प्रयोग आहे, माणसाच्या पोटातला नाही, त्यामुळे त्यावर घर बांधू नये. दुसरीकडे, ब्राझीलमध्ये 2021 साली तरुण पुरुषांवर 12 आठवड्यांचा व्यायामाचा प्रयोग झाला: पूर्ण वनस्पतीजन्य आहार आणि वर सोयाचं प्रथिन घेणारे, विरुद्ध मिश्राहारी. दोघांचं रोजचं प्रथिन वजनाच्या किलोमागे 1.6 ग्रॅम. स्नायू सारखेच वाढले. म्हणजे भरपूर खाल्लं तर सोया मागे पडत नाही.

‘भरपूर’ हा शब्द 74व्या वर्षी अडतो. वय वाढलं की त्याच स्नायूला जागं करायला एका जेवणात प्रथिन, आणि त्यातही ल्युसिन हे अमिनो आम्ल, जास्त लागतं. आणि नेमकी तेव्हाच भूक आटते. दोन घासांत जास्त प्रथिन हवं असेल तर अंडं आणि मऊ मासा यांना तोड नाही. आईंचं अंडं आणि बांगडा पाकिटासाठी बंद झाला असेल तर आजच सुरू करा. त्यांच्या बाबतीत हा माझा एकमेव हट्ट आहे.

तुमचा हिशेब वेगळा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या शिफारशीप्रमाणे किलोला 0.83 ग्रॅम, म्हणजे तुम्हाला दिवसाला 60 ग्रॅम. चार पोळ्यांतून 12, वाटीभर घट्ट वरणातून 6-7, उसळीतून तेवढंच, दूध-दह्यातून 6-7, भातातून 3-4. झाले 33-37. उरले 23-27. मूठभर, म्हणजे 30 ग्रॅम कोरड्या वड्यांतून 15 ग्रॅम येतात. 100 ग्रॅम बांगड्यातून 20च्या आसपास. एका अंड्यातून 6. पाकिटांत मात्र मोठा फरक असतो, कुठे 100 ग्रॅमला 10-12, कुठे 18-20. इथे बायकोचा मुद्दा मान्य करावा लागतो. प्रथिन हवं असेल तर वडी तेच काम स्वस्तात करते, वर तिच्यात तेल आणि मीठही नाही. फणसाच्या भाजीला ‘व्हेज मटण’ म्हणणाऱ्यांनी एवढंच लक्षात ठेवावं की कच्च्या फणसात 100 ग्रॅमला 2-3 ग्रॅमच प्रथिन असतं. भाजी म्हणून झकास.

प्रथिनापलीकडेही मांसात बरंच काही असतं. ड्यूक विद्यापीठाच्या 2021च्या तपासणीत गोमांसाचा खिमा आणि त्याचा वनस्पतीजन्य जुळा यांच्यातली 190 लहान संयुगं ताडून पाहिली, तर त्यातल्या 171चं प्रमाण वेगळं निघालं. पाकिटामागच्या पोषणतक्त्यात हे दोघे जवळजवळ सारखे दिसत होते. क्रिएटिन, टॉरिन ही मांसात, काही वनस्पतिरसायनं फक्त सोयात. यातली बरीचशी शरीर स्वतः बनवतं, म्हणून एवढ्यावरून घाबरायचं कारण नाही. घाबरायचं ते बी12 हे जीवनसत्त्व कमी पडण्याला.

यात माझी एक चूक आहे, ती सांगते. सात-आठ वर्षांपूर्वी कोपरीचे एक निवृत्त गृहस्थ आले होते. मधुमेह, त्यावर मेटफॉर्मिनची गोळी चालू, कोलेस्टेरॉल वाढलेलं. मी मटणाऐवजी सोया सुचवला. त्यांनी माझं ऐकलं ते जरा जास्तच: मटणासोबत मासे, अंडी, सगळं सोडून दिलं. सहा महिन्यांनी कोलेस्टेरॉलचा सुंदर रिपोर्ट घेऊन आले आणि जाता जाता म्हणाले, ‘मॅडम, तळव्यांना मुंग्या येतात, चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही.’ बी12 तळाला गेलं होतं. सहा महिन्यांत एवढं संपत नाही, यकृतात काही वर्षांचा साठा असतो. पण मेटफॉर्मिन बी12चं शोषण कमी करतं आणि त्यांचा साठा आधीच आटलेला होता. मी सुरुवातीला तपासायला हवं होतं, तपासलं नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटानं 2006 साली 441 मध्यमवयीन पुरुषांचा अभ्यास मांडला, त्यात सुमारे 67 टक्क्यांचं बी12 कमी होतं. हे वाचलेलं असूनही मी चुकले. सोयात, वाटाण्यात नैसर्गिक बी12 नसतंच. कंपनीनं वरून घातलं असेल तरच. पाकिटावर लिहिलेलं असतं.

लोहाचं थोडक्यात: मांसातलं हीम लोह 15 ते 35 टक्के शोषलं जातं, वनस्पतीतलं 2 ते 20. सोयात लोहाला धरून ठेवणारं फायटेट असल्यामुळे खालच्याच टोकाला. लिंबू पिळलं की सुधारतं, जेवणावर चहा घेतला की बिघडतं. तुमच्यापेक्षा तुमच्या लेकीला हे जास्त लागू, कारण बाईची रोजची गरज 29 मिलिग्रॅम आणि पुरुषाची 19.

वाचलेलं तुम्ही कदाचित टीएमएओबद्दलही असेल, हल्ली प्रत्येक व्हिडिओत असतं. मांसातलं कार्निटिन आतड्यातले जीवाणू तोडतात, टीएमए तयार होतं, यकृत त्याचं टीएमएओ करतं, आणि ते हृदयविकाराशी जोडलं जातं. स्टॅनफर्डच्या प्रयोगात वनस्पतीजन्य टप्प्यात ते कमी भरलं. गंमत अशी की ज्यांनी आधी आठ आठवडे वनस्पतीजन्य खाल्लं, त्यांचं नंतर मांसावर गेल्यावरही वाढलं नाही. जणू जीवाणूंची वस्तीच बदलली होती. पण समुद्री माशात टीएमएओ तयारच असतं. चेंदणी कोळीवाड्याच्या बाजूनं संध्याकाळी गेलात तर उरलेल्या मासळीचा जो दर्प येतो तो त्याच टीएमएचा, जीवाणूंनी माशातलं टीएमएओ तोडल्यावर सुटलेला. मासे खाल्ले की रक्तात टीएमएओ चढतं, आणि तरीही मासे खाणाऱ्यांची हृदयं वाईट निघत नाहीत. त्यामुळे या एका आकड्यासाठी मी कोणाचं कालवण बंद करत नाही.

सॉसेजबद्दल मात्र माझं मन पक्कं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं 2015 साली प्रक्रिया केलेलं मांस, म्हणजे सॉसेज, सलामी, बेकन, पहिल्या गटात, म्हणजे कर्करोग होतो हे सिद्ध झालेल्या गोष्टींत, टाकलं: रोज 50 ग्रॅममागे आतड्याच्या कर्करोगाचा धोका 18 टक्क्यांनी वाढतो. मटणासकट लाल मांस ‘संभाव्य’ गटात आहे, मासे-चिकन त्यात नाहीत. लेकीला सकाळी ब्रेडसोबत सॉसेज लागतंच असेल तर सोयाचं खाऊ दे. ही अदलाबदल मी डोळे झाकून मान्य करीन.

तर तुमच्या घरात मी काय करीन? मटण महिन्यातून दोन रविवार, चरबी काढून, खोबरं पाव वाटी. उरलेल्या दोन रविवारी पाकिटातला किंवा वडीचा खिमा, जो आवडेल तो, तेल मोजून दोन चमचे, वरून लिंबू. आठवड्यात दोनदा बांगडा किंवा तारली, तळून नाही, कालवणात. अंडी चालू. नगेट पाहुण्यांसाठी. आजच रक्त तपासून बी12 आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) पाहून घ्या, मग हा क्रम धरा, आणि आठ ते बारा आठवड्यांनी लिपिड व एचबीएवनसी पुन्हा करा. मधल्या काळात डॉक्टरांनी गोळी सुरू केली तर तारीख लिहून ठेवा, नाहीतर श्रेय कोणाचं यावरून घरात नवं भांडण.

पुरुषांनी सोया खाऊ नये असं तुमच्या मित्रानं सांगितलंच असेल. नेहमीच्या प्रमाणात खाल्लेल्या सोयानं पुरुषांचं टेस्टोस्टेरॉन घटत नाही, हे अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलेलं आहे. थायरॉइडची गोळी हा मात्र खरा मुद्दा. सोया ती गोळी नीट शोषू देत नाही. आईंची चालू असेल तर सकाळी उपाशीपोटी गोळी, आणि सोयाचं काहीही दुपारच्या जेवणाला, निदान चार तासांनी.